दोनशे चौदा विशेषणं

३ नोव्हेंबर २००३, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कारण कोथरूडात बोलण्याच्या लायकीचं कोणी उरलेलं नाही.
एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाल्यावर दिवाणखान्यात क्लास काढला. गेल्या वर्षी विद्यार्थी बावीस, आज तीन. बाकीचे समोरच्या बिल्डिंगमध्ये, योगेशकडे. त्याची पाटी : 'व्याकरणाशिवाय फाडफाड इंग्लिश'. याला दहावीला मी नापास केला होता. दोनदा करायला हवा होता.

५ नोव्हेंबर
अभिनवचा फोन. जुना विद्यार्थी, आता हिंजवडीला मॅनेजर वगैरे. म्हणाला, सर, आमची पोरं कोडिंग फर्स्टक्लास करतात, पण क्लायंटसमोर ततपप करतात. चौदा तारखेला डेमो द्या, जमलं तर वर्षभर तुम्हीच.
योगेशची पाटी उतरली म्हणून समजा.
वर्षअखेरीपर्यंत मोठं काम नाही मिळालं तर क्लास बंद करून दिवाणखाना परत देईन, असं बायकोला, कौशल्याला, गणपतीत कबूल केलंय. मिळणारच आहे. प्रश्न नाही.

८ नोव्हेंबर
डेमोचा विषय : इंग्रजी विशेषणांनंतर काय येतं. यादी तयार, दोनशे चौदा. कुणाला 'टू' आणि पुढे क्रियापद, कुणाला 'ऑफ', कुणाला 'ॲट'. 'अफ्रेड'ची सोयरीक 'ऑफ'शी, 'गुड'ची 'ॲट'शी. 'ॲंग्री'ची दोन घरं : माणसावर रागावला तर 'विथ', गोष्टीवर रागावला तर 'ॲट'. सगळं ठरलेलं. आणि ही हल्लीची पोरं कुणालाही कुणाच्याही गळ्यात बांधतात!
शहाबाजनं विचारलं, सर, बोलायचं कधी? सांगितलं, यादी पाठ होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. श्रद्धा हसली. तिला पन्नास विशेषणं दहा वेळा लिहायला दिली.

११ नोव्हेंबर
श्रद्धा योगेशकडे गेली. पीडा गेली. दोघांकडे नीट लक्ष देता येतं.
योगेश रस्त्यात भेटला. ऑल द बेस्ट म्हणाला. उत्तर दिलं नाही. जळतोय.
कौशल्या म्हणाली, अहो, एकदा मोठ्यांदा इंग्रजीत बोलून बघा. म्हटलं, सुताराला रंधा मारायची तालीम लागत नाही. गप्प बसली. म्हणजे पटलं.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ५
डेमो झाला.
चाळीस पोरं, सगळ्यांच्या गळ्यात पट्टे. फळा पांढरा, त्यावर खडू उमटत नाही. असल्या फळ्याला अर्थ काय! तरी पहिली वीस मिनिटं उत्तम गेली. मग मागून एकजण म्हणाला, सर, हम रायपूर के हैं, मराठी नहीं आती. म्हटलं, तो तुमचा प्रश्न.
तेवढ्यात अभिनव एका गोऱ्या क्लायंटला घेऊन आला. तो मागे बसला. मग हसून मला इंग्रजीत काहीतरी विचारलं.
प्रश्न कळला. शब्द न् शब्द कळला. उत्तरही येत होतं. वाक्य मनात जुळवलं, तपासलं. बरोबर होतं. पुन्हा तपासलं. चाळीस पोरं बघत होती. तोंडातून हूं का चूं निघालं नाही.
एकतीस वर्षांत मला इंग्रजीत कुणी काही विचारलंच नव्हतं. प्रश्न मी विचारायचो. तेही मराठीत.
अभिनव पटकन उठला आणि क्लायंटला म्हणाला, सरांचा घसा बसलाय. याला नववीत मी आठवडाभर वर्गाबाहेर उभा केला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ नोव्हेंबर
घसा खरोखरच बसला असावा. हिंजवडीतला एसी. कौशल्याला खुणेनं सांगितलं. तिनं हळद-दूध दिलं, विचारलं काहीच नाही. क्लासला सुट्टी.

१७ नोव्हेंबर
मौन. डॉक्टरकडे गेलो नाही, हल्लीच्या डॉक्टरांना काही येत नाही.
हिंजवडीचं काम योगेशला मिळाल्याचं कळलं. शहाबाज माझी पुस्तकं परत देऊन गेला. दुसरा तेवढ्यासाठीही आला नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळी ७
कौशल्या स्वयंपाकघरातून म्हणाली, घसा इंग्रजीपुरता बसला असेल, तर चहा हवा की नको ते मराठीत सांगा.
म्हणजे अभिनवनं तिला फोन केलाय.
हवा, म्हणालो.