सतरंजीखालची गिटार

आई,

आज घरात काय काय आलं ते आधी सांगते, म्हणजे तुला बसल्या जागी घर दिसेल. टँकर आला, चार घरांनी मिळून मागवला, आमच्या वाट्याला दोनशे रुपये. गहू दहा किलो, अडीचशे. देवाला सुटी फुलं दहाची, तीही उन्हानं माना टाकलेली. कोथिंबीर आणली नाही, जुडीचे वीस सांगत होता, मी म्हटलं ठेव तुझ्याकडंच. आणि गेल्या आठवड्यात एक विजेवर वाजणारी गिटार आली आहे, वापरलेली, सात हजार. ते पैसे मात्र अजून दिलेले नाहीत. देऊ का नको, एवढ्यासाठीच हे लिहायला बसले.

गिटार म्हटलं की तुझ्या डोळ्यापुढं सिनेमातलं कुणीतरी झाडाखाली बसलेलं येईल. ही तशी नाही. आत पोकळ नाही, सगळं भरीव लाकूड, पाट्यासारखं जड. तारा चारच, आणि त्यातली सगळ्यात जाड तार आपल्या कपडे वाळत घालायच्या तारेएवढी. हिला बेस म्हणतात. एका काळ्या डब्याला वायरीनं जोडली की बोलते, आणि बोलते ती इतक्या खालून, की आधी तळपायाला कळतं, मग कानाला. माझ्या वयाच्या, दर गुरुवारी भजनाला बसणाऱ्या बाईनं असली वस्तू घरात आणायची म्हणजे काय, ते मला कळतं आई. तू सांगायला नको.

आम्ही मुकुंदवाडीला घर बांधलं तेव्हा घर आणि स्टेशन यांच्यामध्ये ज्वारी उभी असायची. आता सगळ्या इमारतीच. सगळ्यांनी बोअर घेतले आणि सगळ्यांचेच आटले. वरची खोली आम्ही भाड्यानं दिली आहे, दोन वर्षांपासून तिथं एक मुलगी राहते. अजिंठ्याकडची, शेतकऱ्याघरची, वाळूजला कंपनीत मशिनी तपासते. तिची ही गिटार. पहिल्या महिन्यात माझ्या डोक्यावर संध्याकाळभर धम्म धम्म चालायचं, तेव्हा मी जिना चढून गेले होते. म्हटलं, "अगं, खाली देव आहेत माझे, दिवा थरथरतो." ती म्हणाली, "काकू, थरथरतो म्हंजी ऐकत असंल की." मला राग यायला हवा होता, हसू आलं. त्यानंतर एक दिवस पोळ्या लाटताना माझ्या लक्षात आलं की लाटणं वरच्या ठेक्यावर चाललंय. मग मी मुद्दाम तिच्या येण्याच्या वेळेला कणीक भिजवायला लागले. हे मी कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही.

आता कंपनीनं तिची पुण्याला बदली केली. तिनं दुसरी, पाच तारांची घेतली आहे, म्हणून ही विकायची. शहागंजातला एक वाद्यांचा दुकानदार घेतो म्हणतो. मी पायरीवर उभी राहून, जणू काही सहजच, म्हटलं, "माझ्या नातवासाठी बघावं म्हणते." ती म्हणाली, "नातू केवढाय तुमचा?" खोटं बोलायची सवय नाही, खरं वय निघून गेलं तोंडातून. चार वर्षांचा. ती हसली नाही, बिचारी. म्हणाली, "मंग ठेवा आठ दिवस. वाजवून बघा. नाय जमलं तर शहागंजवाला हायेच." आणि उंबऱ्यावरून माझ्या हातात दिली. नवी वस्तू घरात येताना जे करायचं ते माझ्या हातानं मला न विचारता केलं. हळदकुंकवाचं बोट गिटारीच्या वरच्या टोकाला टेकवलं. ती मुलगी म्हणाली, "ओ काकू, आजून सौदा नाय झाला!"

दुपारी हे वाचनालयात जातात तेव्हा मी ती काढायचे. डबा लावला तर शेजारपाजार ऐकेल, म्हणून वायर न लावताच. पहिले दोन-तीन दिवस वाटलं बिघडलेलीच दिली, आवाजच नाही. शहागंजात माठ घेताना वाजवून बघतो तशी टिचकी मारून बघितली, तर भरीव लाकूड, ते काय बोलणार. तिच्या सुटीच्या दिवशी वर जाऊन फणकाऱ्यानं म्हटलं, "मुकी आहे की ही!" तिनं खाली येऊन मला दाखवलं. गिटार मांडीवर घ्यायची, वरच्या शिंगासारख्या कोपऱ्यावर हनुवटी टेकवायची आणि जाड तार छेडायची. आई, काय सांगू. खोलीत काहीच आवाज नाही आणि माझ्या कवटीत, दातांत, छातीच्या फासळ्यांत सगळीकडं आवाज. मी डोळे मिटले. उघडले तर ती माझ्या बोटाकडं बघत होती. "काकू," म्हणाली, "नातवानं तुमच्या बोटाला लई मोठा फोड आणलाय."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. गुरुवारी जे झालं ते हसण्यावारी नेता येत नाही.

या गुरुवारी भजनाची पाळी माझ्या घरी होती. बायका यायच्या आधी मी घाबरून गेले. गिटार तिच्या पिशवीत घातली, पण पिशवी काही लपत नाही, माणसाएवढी लांब. त्याआधी पदराच्या टोकानं ते कुंकू पुसलं, का पुसलं ते आजही मला नीट सांगता येणार नाही. मग भिंतीशी आडवी ठेवून वर सतरंजीची घडी टाकली. सगळ्या आल्या, पाणी झालं, पाण्याच्या टँकरच्या गप्पा झाल्या. आमच्यात एक वयस्कर मावशी आहेत, त्यांचे गुडघे गेलेले. त्या भिंतीशी बसल्या आणि म्हणाल्या, "हे काय गं लांबोळकं?" मी म्हटलं, "इस्त्रीचं टेबल, मावशी. घडीचं." "बरं झालं बाई," म्हणाल्या, आणि दोन्ही पाय उचलून त्यावर ठेवले. "अशी सोय दर गुरुवारी ठेवत जा."

वाद्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. दसऱ्याला सगळ्या बायका आपापले टाळ माझ्याच देवघरापुढं ठेवतात आणि मी एकेकाला फूल वाहते. कुणाच्या पोराचा पाय चुकून पेटीला लागला तर मीच पहिली ओरडते. आणि मी समोर टाळ वाजवत बसले होते, मावशींच्या टाचा गिटारीवर ठेका धरत होत्या, आणि मी गप्प. तोंडातून एक शब्द काढायचा होता, मावशी, ते वाद्य आहे. त्याच्यापुढचे प्रश्न आले असते, कुणाचं, कशाला, या वयात, आणि हसल्या असत्या. हसल्या असत्या एवढंच. तेवढ्याला भिऊन मी देवाच्या नावानं टाळ पिटत असताना वाद्यातल्या देवीच्या अंगावर पाय ठेवू दिले. भजन संपल्यावर मावशींनी पाय खाली उतरवले, "आशीर्वाद तुझ्या टेबलाला" असंही म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले, आई.

त्या गेल्यावर मी सतरंजी काढली आणि पिशवीवर डोकं टेकून बसले. हे बाहेरून टेबलाचं ऐकत होते, ते आत आले. म्हणाले, "काय झालं, इस्त्री बिघडली?" मग मी सगळं सांगितलं, नातवाचं, दुपारचं, मावशींच्या पायांचं. हे पाटबंधारे खात्यात कारकून होते, प्रत्येक गोष्टीला एक शेरा मारायची सवय अजून गेलेली नाही. म्हणाले, "गळ्यात अडकवून गणपतीत पुढं चालणार असशील तर मला आधी सांग, मी गावाला जातो." मी रडायला लागले तसे खाली बसले. म्हणाले, "घे की. कोण नको म्हणतंय? पण एक सांग, माझी आहे म्हणायला तुला एवढं काय झालं?"

त्याचं उत्तर यांना दिलं नाही, कारण त्यात तू होतीस.

बहात्तरचा दुष्काळ. आपल्या घरात ती रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, जी तू भाजताना नाकाला पदर लावायचीस. पाऊस पडावा म्हणून महादेवाचा गाभारा पाण्यानं भरला होता, कुठून आणलं होतं तेवढं पाणी कोण जाणे, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका भजनाला बसल्या आहेत. मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसले आहे. मला वाटतंय पाऊस माझ्याच म्हणण्यावर अडलाय, म्हणून मी मनापासून गाते आहे. बाहेरून कुणीतरी विचारतं, "बायकांत गडी कोण बसलाय रे?" सगळ्या हसतात. तू माझा गुडघा दाबतेस, दुखेपर्यंत, आणि माझ्या कानात म्हणतेस, "नुसते ओठ हलव. आवाज काढू नको. लग्न व्हायचंय तुझं." मग त्याच आठवड्यात, घरात तेलाची बाटली उपडी ठेवायची वेळ असताना, तू मला शहागंजातून टाळ आणून दिलेस. म्हणालीस, "यात मन रमव." रमवलं. आजतागायत रमवलं. मंडळात सगळ्या म्हणतात, तुमच्या टाळाशिवाय आमचं अडतं. माझा आवाज कसा आहे हे त्यातल्या एकीलाही माहीत नाही. या गिटारीचा आवाज तसा आहे, आई. बायकांत बसलेल्या गड्यासारखा.

उद्या सकाळी ती मुलगी हो-नाही विचारायला येणार. मी मनाला सांगत होते की ज्या वस्तूचा माझ्या घरात अपमान झाला ती परत कशी द्यायची, म्हणून घ्यायची. पण हेही नातवासारखंच झालं. मला ती हवी आहे, माझ्यासाठी, इतकंच. तू नको म्हणालीस तरी घेणार आहे. टँकरला देताना मी तुला विचारत नाही, हेही विचारायला नको होतं.

पाकीट आणलेलं नाही, तिकीट तर नाहीच, उगीच खर्च कशाला. तू आहेस तिथं टपाल जात नाही, ते मला माहीत आहे. पण लिहिता लिहिता एक विचित्र झालं, तेवढं सांगते. त्या दिवशी देवळातल्या सगळ्या बायकांचे आवाज मला आठवतात. शेजारच्या काकूंचा चिरका, गुरवाच्या बायकोचा नाकातला. तुझा आठवत नाही. किती वेळ डोळे मिटून बसले. तू माझ्या शेजारी आहेस, तुझे ओठ हलताना दिसतात, आणि आवाज नाही. देवळातच नाही, घरातही नाही, मी आजारी असतानाही नाही, कधीच नाही.

आई, तुझा आवाज कसा होता? उलट टपाली कळव.