कानिफच्या डोक्यातला आवाज

५ ऑगस्ट १९९६
पाथर्डी तालुक्यातल्या या उपकेंद्रावर आज नर्स म्हणून रुजू झाले. खोली एकच, वर पत्रा, पण माझी स्वतःची! शेजारच्या लंकाबाईंनी भाकरी-ठेचा आणला आणि माझे बारीक दंड बघून, मॅडम, खात जा जरा, असं सुनावलंही. त्यांचं चार महिन्यांचं बाळ कानिफनाथ, मढीच्या कानिफनाथांच्या नवसाचं. काय हसतं लबाड! टाळू भरताना डोक्याला कान लावला की आत घुंई-घुंई ऐकू येतं म्हणे. नाथांचा आशीर्वाद म्हणून सगळी आळी ऐकून जाते. मी स्टेथोस्कोप लावला. खरंच की! लंकाबाईंनाही ऐकवलं. पोरीसारख्या खुदकन हसल्या.

१४ ऑगस्ट
कानिफचं डोकं मोठं दिसतंय. टेपने मोजलं, फारच मोठं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारायला हवं. पण नव्या बाईला हसतील, म्हणून राहू दिलं. लंकाबाई आवाज ऐकायला रोज स्टेथोस्कोपची नळी मागतात, मी देते.

२ सप्टेंबर
कानिफला सकाळपासून उलट्या. उचलून डॉक्टरांकडे नेलं. नळी लावताच त्यांचा चेहरा उतरला. मेंदूतली शीर जन्मतःच चुकीची जोडलेली. रक्त जोरात घुसतं, तोच आवाज, आणि त्यानेच डोक्यात पाणी साठतं. नुसतं पाणी काढून भागत नाही. मुंबईला मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक तारेसारखी नळी मेंदूपर्यंत नेऊन ती शीर आतून बंद करतात. आजच निघा म्हणाले. मी इतके दिवस झोपले होते का?

११ सप्टेंबर
कानिफ गेला. उपचाराआधीच त्याचं हृदय थकलं. मुंबईला मीही सोबत होते; दोन-तीन आठवडे आधी आणायचं होतं, असं तिथले डॉक्टर मला म्हणाले. लंकाबाईंना मी ते सांगितलं नाही.

१६ सप्टेंबर
लसीकरण. सहा बाळं. सहाही डोक्यांना नळी लावली. सहाही डोक्यांत — घुंई. डॉक्टरांनी तपासलं. काही नाही म्हणाले. सुट्टी घ्या म्हणाले.

१९ सप्टेंबर
नळी पेटीत घातली. कुलूप लावलं. पेटीतूनही —

२० सप्टेंबर
भर दुपारी लंकाबाई आल्या. हातात त्याची कुंची, अजून तेलाचा वास. एकदाच लावा म्हणाल्या, तो नळीत हाय. नाही म्हणवेना. रिकाम्या कुंचीला लावली. ऐकून हसल्या, तशाच पोरीसारख्या.

मग मी ऐकलं. घुंई — आणि मध्येच त्याचं हसू. त्याचंच.

समोर बसल्यात. उठत नाहीत. एवढंच विचारतात:

"मॅडम, तुमाला कवा कळलं हुतं?"

तोंड उघडत नाही. म्हणून लिहून, वाचून दाखवते. आवाज वाढतोय. लंकाबाई, मला चौदा ऑगस्टलाच —