टीव्हीवरचे मालक आणि आमची विहीर

मी, अमीरबी इनुस मुलाणी, वय वर्षे बहात्तर, धंदा शेती, राहणार निमोणे, ता. शिरूर, जि. पुणे, राजीखुशीने हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कुणाचा दाब नाही. दाब टाकायला आलेल्याला मी चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं. बोलते मी, लिहितात वकीलसाहेब.

१. माझे पती इनुस, म्हणजे आमचे मालक, यांनी हयातीतच बक्षीसपत्राने घर आणि विहिरीची जमीन माझ्या नावे केली. मुलगा नौशाद ती विकून शिक्रापूरला भाड्याच्या खोल्या बांधू म्हणतो. खोल्यांना माझी ना नाही. पण तो चारचौघांत सांगतो, "अब्बाच टीव्हीवर बोललेत, जमीन इकून टाका." हे खोटं आहे, म्हणून हा कागद.

२. सन २०१९च्या उन्हाळ्यात हवामान बदलावर माहितीपट करणारी मंडळी आली. पोरं गुणाची होती, पण मालकांना कोरड्या विहिरीत पुन्हापुन्हा उतरवलं. भेंडीचा हिरवा तुकडा दिसू नये म्हणून कॅमेरा फिरवला. माझी साडी हिरवी, ती त्यांच्या दुष्काळात बसेना, म्हणून मला लांब बांधावर उभं केलं. पाऊस बिघडलाय हे जगाला दाखवलं ते बरंच केलं. पण टीव्हीवर मालकांचं नुसतं तोंड हलतं आणि वर दुसराच कुणी जाड आवाजात हिंदी बोलतो, "इस ज़मीन में अब कुछ नहीं बचा। बेच देना ही ठीक है।" अगं बाई! ज्या माणसाशी जन्मभर भांडले, त्याचं बोलणं मला कळणार नाही होय?

आवाज टिपणाऱ्या सुदर्शनला मी फोन करकरून पिडलं. मालक गेल्यावर तो मूळ आवाज पेनड्राइव्हमध्ये घेऊन स्वतः घरी आला. त्यात मालक म्हणतात, "पानी खाली गेलंय, मेलं न्हाई. समद्यांनी बोअर मारायचं थांबवलं तर वर येईल. हीर मी इकणार न्हाई." नौशादला ऐकायला बसवलं. तो मधेच उठून बाहेर गेला.

३. शरियतप्रमाणे मला एक तृतीयांशच मनासारखं देता येतं, हे ठाऊक आहे. विहीर व तिच्याभोवतीचा तुकडा त्यात बसतो. तो मी नौशादची मुलगी, माझी नात सुफिया हिला देते. ती सज्ञान आहे, शिरूरच्या कॉलेजात शिकते. विहीर तिने विकू नये, बुजवू नये, शेजारच्यांना पाणी नाकारू नये. वकीलसाहेब म्हणाले, अशा अटी कोर्टात टिकत नाहीत. मी म्हटलं, "कोर्टात न्हाई, सुफियाजवळ टिकतील. लिव्हा."

४. बाकी जमीन व घर नौशाद आणि मुलगी तहमीना यांनी शरियतप्रमाणे वाटून घ्यावं. तांब्याच्या घंगाळावरून भांडू नये. बहिणीनं मागितलं तर नौशाद देईल, तेवढा तो चांगला आहे. टीव्ही नौशादने न्यावा. तहमीनाला विचारलंय, तिची हरकत नाही.

५. नौशादवर माझा राग नाही. बाप गेल्यावर तो माहितीपट लावून एकटा बसायचा, हे मी दाराआडून पाहिलंय. हलतं तोंड बघायचा आणि त्या परक्या आवाजाला बापाचा समजायचा. फार वाईट वाटायचं मला. पेनड्राइव्ह सुफियाकडे राहील, पण नौशादने मागितला की लगेच द्यावा. यावेळी त्याने मधे उठू नये. सगळं संपल्यावर मालक खेकसतात, तेवढं ऐकावं: "झालं का तुमचं? आमची अमीरबी कवाची उन्हात उभी हाय."

हे मी वाचून घेतलं, बरोबर आहे, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: अमीरबी इनुस मुलाणी

साक्षीदार १: मालनबाई सोपानराव काळे, शेजारीण, निमोणे. मलाबी त्याच विहिरीचं पाणी.

साक्षीदार २: सुदर्शन पाठक, ध्वनिमुद्रक, पुणे. आवाज मीच टिपला, काटछाट केलेली नाही. शेवटचं वाक्य आलं तेव्हा कॅमेरा बंद झाला होता.

ठिकाण: निमोणे
दिनांक: १४ मार्च २०२५