जाळी काढा म्हणजे वारा येईल

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल असं धरून चालतो, कारण या पत्रात माझीच कुरकुर पुष्कळ आहे. इकडे सगळं क्षेम आहे (म्हणजे आईचं, माझी पाचावर धारण बसली आहे).

गोष्ट तुमच्या बहिणीच्या खोलीतल्या एसीची. चहा निवायला घालावी तेवढीच फुंकर तो घालतो. गेल्या उन्हाळ्यात आई ओट्याशी भोवळ येऊन पडली आणि डॉक्टरांनी तिला गारव्यात ठेवायला बजावलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हापासून मला उन्हाची भीती वाटते. विजेची आधीपासून वाटते. तरी छातीवर दगड ठेवून दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो घाईत म्हणाला, जाळी काढा, नळाखाली धुवा, वाळवून लावा, वारा येईल. मी लगेच खिडकीची डासांची जाळी खिळ्यांसकट उपटली आणि बाथरूममध्ये नेऊन घासली. वारा आला हो! त्याच्याबरोबर डासही आले. पुन्हा फोन केला, तर तो आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, "साहेब, मशीनच्या आतली जाळी!"

आता मशीनच्या आत हात कोण घालणार? बटण बंद केलं, प्लग काढला, प्लग काढलाय ना हे आईला दोनदा बघायला लावलं, स्टुलावर चढून झाकण बोटभर उचललं, तोच आत काहीतरी चुकचुकलं. लोकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, माझी एसीत चुकचुकली! मी खाली कसा आलो ते आठवत नाही. आई म्हणते, उतरला नाहीस, सांडलास.

मग तीच पदर खोचून वर चढली. या वयात, मामा! मी स्टूल धरलं होतं (डोळे मिटून). "सोड ते, तुझ्यामुळेच हलतंय," असं ती वरून ओरडली. जाळीवर धुळीची गोधडी निघाली. पालबिल काही नव्हती, झाकणाची पट्टी वाजत होती, असं तिने सांगितलं. जाळी धुऊन लावली आणि असा वारा सुटला की पडदे उडाले. माझा जीव भांड्यात पडला.

तुमचा,
हातपाय शाबूत असलेला भाचा

ता. क. वारा अंगाला झोंबतो म्हणून आईने एसी बंद केलाय आणि उन्हाच्या खिडकीत जाऊन बसली आहे. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. दरडावून दोन ओळी लिहा. मला खरंच फार भीती वाटते हो.

ता. क. दादा, पाकीट चिकटवायला पोराने माझ्याकडे दिलंय, म्हणून हे मी लिहितेय. पाल होती. चांगली वीतभर. त्याचे डोळे मिटलेले होते तेवढ्यात फडक्यात धरून बाजूच्या खिडकीतून सोडली. जाळी नव्हती ते बरंच झालं. त्याला कळवू नकोस, खोलीत पाऊल टाकायचा नाही. आणि ओळीबिळी लिहीत बसू नकोस, चार दिवस येऊन राहा. परवा मला पुन्हा भोवळ आली होती. तेही त्याला सांगितलेलं नाही.