नळ्या गळ्यातच होत्या

ताई,

रविवारी आईला माझ्याकडे तपासायला आणू नकोस. माझ्या हाताला गुण आहे, असं ती सगळ्यांना सांगत फिरते. पण हल्ली हात आपोआप चालतात, मी तिथे नसतोच.

आज ओपीडीत एक आजी आल्या. दम लागतो म्हणाल्या. मी स्टेथोस्कोप छातीला लावला, पाठीला लावला, ‘श्वास घ्या, सोडा’ म्हणालो. त्यांनी निमूटपणे घेतला, सोडला. ‘सगळं छान आहे,’ असं सांगून मी औषध लिहायला लागलो. त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. नळ्या मी कानात घातल्याच नव्हत्या.

त्या चिडल्यासुद्धा नाहीत. दाराबाहेर सुनेला हळूच म्हणाल्या, ‘‘डॉक्टरलाच बरं नाहीये गं. दुसरा कुणी बघू.’’

मी धावत जाऊन त्यांना परत आणलं, नीट ऐकलं. फुप्फुसात पाणी होतं. लगेच भरती केलं. पण त्यांच्याआधी किती जणांना ‘छान आहे’ म्हणून घरी पाठवलं, देव जाणे.

मोठ्या डॉक्टरांकडे रजा मागितली. ते म्हणाले, ‘‘दोघं डॉक्टर नोकरी सोडून गेले, आता तूही जा. मी एकटाच मरतो.’’ जागरणाने त्यांचे डोळे माझ्यापेक्षा लाल होते.

म्हणून आईला दुसरीकडे ने.

एवढं लिहिलं आणि तुझा आवाजच ऐकू आला: ‘‘मग बाकीच्यांच्या आयांचं काय रे?’’ आता हे पत्र खिशातच राहील. सकाळी पुन्हा ओपीडी आहे.

तुझा,
धाकटा