गव्हर्नरला बांधलेला दोरा

कामतघर, भिवंडी

ती. नरेंद्रमामांस,

भाची धम्मदिना हिचा सविनय जयभीम. आम्ही ठीक आहोत. तुमचा गुडघाही ठीक असेल असं गृहीत धरते (तो जिना चढताना दुखतो, जेवायला मांडी घालताना दुखत नाही, हे मी पाहिलं आहे). फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र.

आजोबांचा चावीचा ग्रामोफोन मी चालू केला तर तो आमच्याकडे राहील, नाहीतर तुमच्या काल्हेरच्या नव्या फ्लॅटमध्ये शोकेसला जाईल, असं ठरलं. तुम्ही फार पटकन हो म्हणालात, तिथेच मला शंका आली. मी स्प्रिंगचं सुकलेलं ग्रीस खरवडलं (त्यावर कुणीतरी लूमचं तेल ओतलं होतं, कामतघरात सायकलीपासून सांध्यांपर्यंत सगळ्याला तेच लावतात), नवं भरलं, सुई बदलली. शनिवारी तबकडी मिनिटाला बरोबर अठ्ठ्याहत्तर फेरे घेत होती. रविवारी तुम्ही परीक्षा घ्यायला आलात आणि तिच्यावरचे भारदस्त बुवा बालवाडीतल्या मुलीच्या आवाजात गाऊ लागले. "दिने, वडप्याच्या गोदामात कामाला जातेस, तिथले माल वाहायचे पट्टे पण असेच पळवतेस काय गं? मालाच्या आधी माणसंच गाडीत पडायची!" असं म्हणून तुम्ही जेवायला बसलात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मग मी गव्हर्नर उघडला. त्याची तीन पितळी वजनं फिरताना बाहेर फाकतात, तेव्हाच वेग आवरतो. त्या वजनांभोवती पांढरा सुती दोरा करकचून बांधलेला होता. गाठ तुटलेला ताणा जोडायची, बारीक. ती आपल्या घरात दोघांनाच येते. तुम्ही लूम चालवलेत, आईने लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या. आई स्वतःच्या वडिलांची वस्तू कशाला घालवेल? राहता राहिलात तुम्ही. शिवाय मी चहा टाकायला आत गेले की यंत्राजवळ तुम्हीच असता. आई म्हणते, "त्याला काय कळतंय त्यातलं? त्याला बोंबील वाढ." (यंत्र बिघडल्याचं मला रविवारी कळतं, पुढच्या रविवारचे बोंबील आई शनिवारीच सांगून ठेवते. ही नोंद तूर्त बाजूला ठेवते.) आणि "पोरीला अजून एक रविवार दे रे नऱ्या," असं ती म्हणाली की तुम्ही लगेच देता. इतका उदार संशयित मी पाहिलेला नाही. त्यामुळे संशय वाढतोच.

मी आरोप करत नाही. काल दोरा कापला, वेग तपासला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली विश्वासाच्या माणसाकडे, म्हणजे आईकडे दिली. रविवारी कुलूप माझ्यासमोर उघडेल.

तुमची भाची,
धम्मदिना

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आज सकाळी आईकडून किल्ली घेऊन पेटी उघडली. दोरा परत आहे. तुम्ही काल्हेरला होतात. न केलेला आरोप मागे घेते. आईला मी काही विचारलं नाही. तिनेच मला विचारलं, "नऱ्या येईल ना गं रविवारी?"

ता. क. २. काल्हेरला गेल्यापासून ग्रामोफोनचं हे प्रकरण सुरू होईपर्यंत तुम्ही एकदाही आमच्याकडे आला नव्हतात, हे मी आत्ता पडताळून पाहिलं. तेव्हा रविवारी यंत्र बिघडलेलंच असेल. आई विसरली तर दोरा मी बांधीन. तुम्ही मला नेहमीप्रमाणे नापास करा, आणि तिने मागितला की अजून एक रविवार द्या.