बिनविरोध

प्रिय ममता,

इथला, अल ऐनमधला वाळवंटी उन्हाळा एकदाचा खलास झाला. सकाळी खिडकी उघडी ठेवता येते. माझी हॉस्पिटलच्या लॅबमधली ड्यूटी तशीच आहे आणि नागेश अजून अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये, शुक्रवारी घरी येतो.

मैथिली आठवीत गेली. परवा ती जेवताना इतिहासाच्या प्रोजेक्टबद्दल सांगत होती. अमेरिका देश म्हणून नवीन होती, तेव्हा एका राज्यात गव्हर्नरच्या निवडणुकीला एकच माणूस उभा होता म्हणे. मी कौतुकाने म्हटलं, तुझे अण्णा आजोबाही असेच दोनदा बिनविरोध सरपंच झाले. तिने विचारलं, "देन हाउ डिड दे नो पीपल वॉन्टेड हिम?" अमेरिकेतल्या त्या निवडणुकीतही काहीजणांनी चिठ्ठीवर दुसरीच नावं लिहून दिली होती, हेही तिनेच वाचून दाखवलं. जेवण झाल्यावर नागेशने तो उतारा तिच्याकडून मागून पुन्हा वाचला.

अण्णा वाईट नाहीत, तुलाही माहीत आहे. नळाचं पाणी त्यांनीच आणलं. पण एसटी बंद झाली तेव्हा ते नुसते अर्ज पाठवत राहिले, आणि तू बचत गटाच्या बायकांना घेऊन डेपोत ठाण मांडलंस. आज त्याच गाडीने गावातल्या मुली कॉलेजला जातात. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात तोंड उघडायला घाबरायचे, आणि तू मागच्या दाराने येऊन मला हसवायचीस. तेव्हापासून तुझ्यापासून काही लपवलं नाही, म्हणून हेही सांगते.

गेल्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. म्हणाले, "सूनबाई, ममता तुझं ऐकेल. तिला सरपंचपदाचा माझ्याविरुद्धचा अर्ज मागे घ्यायला सांग. गावात दोन तट पडायला नकोत." मला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. काल नागेशनेच त्यांना फोन लावला. "अण्णा, संजना तसं सांगणार नाही. तुम्ही जिंका, पण समोर कुणीतरी असू दे." त्यावर अण्णांनी एवढंच विचारलं, "मतदानाला येताय ना?" आम्ही तिघंही येतोय. माझं मत कुणाला, ते नागेशलाही सांगितलेलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. तू फक्त अर्ज मागे घेऊ नकोस.

तुझीच,
संजना